पोस्ट वाचवा, मत पोहोचू द्या

रारितनकाठ, २४ ऑगस्ट २०२०

काल इथे अमेरिकेच्या पोस्टाबद्दल 'डबघाईचं पोस्ट आणि टपालाने मतदान, दोन्ही बंद करा' असा धागा आला. "किराण्याच्या रांगेत उभे राहता, मग मताच्याही राहा" हे त्यातलं वाक्य. उत्तर टंकायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतेय.

मी मार्चपासून किराण्याच्या रांगेत उभी राहिलेली नाही. सासूबाई ७८ वर्षांच्या, दमेकरी. त्यांचं इनहेलर पोस्टाने येतं, मतपत्रिकाही पोस्टानेच येणार. म्हणून जूनमध्ये लुईस डीजॉय पोस्टमास्टर जनरल, म्हणजे पोस्टखात्याचे प्रमुख, झाल्यावर जे सुरू झालं, ते बघून संताप येतो. ओव्हरटाइमला कात्री, जादा फेऱ्या बंद. साथीत कर्मचारी आजारी पडत असताना हे. ६७१ सॉर्टिंग मशीन काढायचं नियोजन, रस्त्यावरच्या निळ्या टपालपेट्या उचलल्या. ओरड झाल्यावर १८ तारखेला म्हणाले, नोव्हेंबरची अध्यक्षीय निवडणूक होईपर्यंत बदल थांबवतो. पण काढलेली मशीन परत बसवणार का, तर नाही. पोस्टाला २५ अब्ज डॉलर देणारं विधेयक शनिवारी प्रतिनिधिगृहात मंजूर झालं. पुढे सिनेटमध्ये ते अडणार हे दिसतंच आहे.

सडेतोड

कालचा धागा माझाच. ताई, तुमच्याच राज्यातलं, न्यू जर्सीतलं पॅटरसन शहर कसं विसरलात? १२ मेची नगरपरिषदेची निवडणूक, साथीमुळे संपूर्ण टपालाने. सुमारे १९ टक्के मतपत्रिका बाद. एकाच टपालपेटीत शेकडो पाकिटं सापडली. चौघांवर आरोप, त्यात एक विद्यमान नगरसेवक. परवा १९ तारखेला न्यायाधीशांनी नव्याने निवडणूक घ्यायला सांगितलं. अजून काय पुरावा हवा? आणि हा पोस्टाचा पांढरा हत्ती करदात्यांनी का पोसायचा?

हिशेबनीस

करदाते पोसत नाहीत हो. रोजचा खर्च तिकिटांच्या विक्रीतून निघतो. खड्डा पडला तो २००६च्या कायद्याने. निवृत्तांच्या भविष्यातल्या आरोग्यखर्चासाठी वर्षाला साडेपाच अब्ज डॉलरच्या आसपास आगाऊ बाजूला काढायचे. दुसऱ्या कुठल्या सरकारी खात्याला ही अट आहे, दाखवा.

सडेतोड

आणि पत्रं? फर्स्ट क्लास टपाल २००१पासून घटत निम्म्यावर आलंय, तेही कायद्यामुळेच का?

हिशेबनीस

नाही, ते इमेलमुळे. तेवढं तुमचं खरं.

पोर्टलंडचा पाऊस

ओरेगनमध्ये १९९८ला लोकांनी कौल दिला आणि २०००पासून अध्यक्षीय निवडणूकही टपालानेच होते. मी २००३ला नागरिक झाले, मतदान केंद्र आतून पाहिलेलंच नाही. मतपत्रिका आली की जेवणाच्या टेबलावर पसरायची, शेजारी माहितीपुस्तिका. न्यायाधीश कोण, शाळेचा कर कशासाठी, मुलांना वाचून दाखवायचं. घाई नाही, कोणी मागे उभं नाही. सडेतोड, वीस वर्षांचं हे सगळं खोटं आणि एक पॅटरसन खरं?

रारितनकाठ

पॅटरसन मी विसरलेले नाही. तिथले चोर पकडले गेले, कारण पाकिटांना माग असतो. आपल्या राज्यात एका माणसाला दुसऱ्यांच्या जास्तीत जास्त तीनच मतपत्रिका नेता येतात, म्हणून तर शेकडो पाकिटांचा गठ्ठा डोळ्यात आला. आणि बाद झालेली सगळी मतं चोरीची नव्हती. आतलं पाकीट असतं ना, त्याला प्रमाणपत्राची पट्टी जोडलेली असते. तिच्यावर सही करायची, पण ती फाडायची नाही. पट्टी वेगळी झाली की मत बाद. सही जुळली नाही तरी बाद.

मिलवॉकीची मावशी

रांगेत राहा म्हणणाऱ्यांनी ७ एप्रिलला, मतदानाच्या दिवशी, इथे यायला हवं होतं. एरवी १८० केंद्रं असतात, त्या दिवशी फक्त पाच. गारा पडत होत्या. समोरच्या आजी डोक्यावर प्लास्टिकची पिशवी धरून, दुसऱ्या हाताने वॉकर सरकवत होत्या. मास्क भिजून तोंडाला चिकटलेला.

डॅलसचा कोथरूडकर

तुमच्या हातात निदान पाकीट तरी येतं. आम्ही भारतीय पासपोर्टवाले! २०१०च्या कायदादुरुस्तीने भारतातल्या मतदारयादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला जातीने हजर राहा. सैनिकांना टपाली मत, आम्हाला नाही. २०१९ला फक्त २३ एप्रिलसाठी पुण्याला आलो होतो.

सदाशिवपेठी

कोणी बोलावलं होतं? खड्डे आमच्या रस्त्यात, पाणी आमच्या नळाला दिवसाआड. निकाल मात्र तुम्ही डॅलसमधून ठरवणार!

डॅलसचा कोथरूडकर

माझी आई त्याच नळाचं पाणी भरते. तिची औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी मी भरतो. मला त्या गावाशी देणंघेणं नाही असं तोंड वर करून सांगू नका.

सदाशिवपेठी

पैसे भरले म्हणजे मत मिळत असेल तर बिल्डरांनाच द्या की सगळी मतं. बटण दाबायला आपल्या पायाने यावं.

मिलवॉकीची मावशी

'आपल्या पायाने' हे त्या वॉकरवाल्या आजींना सांगा.

पोर्टलंडचा पाऊस

अहो, धागा कुठला, चाललंय काय! पण भारताचा विषय निघालाच आहे तर बिहारच्या विधानसभा निवडणुकीचं बोला. जूनमध्ये नियम बदलून ६५ वर्षांवरच्यांना टपाली मत द्यायचं ठरलं. गुप्तता राहणार नाही म्हणून पक्षांनी विरोध केला. जुलैत आयोगाने मनुष्यबळाच्या अडचणी सांगून ते बाजूला ठेवलं. आता ८० वर्षांवरचे, अपंग, अत्यावश्यक सेवेतले आणि कोरोनाग्रस्त यांनाच. ७८ वर्षांच्या माणसाने काय करायचं?

सदाशिवपेठी

बिहारबाबत सहमत, म्हाताऱ्यांना सूट हवीच. डॅलसबाबत नाही.

सडेतोड

मुद्द्यावर येतो. निवडणुकीच्या तोंडावर ओव्हरटाइम तोडायला नको होता, हे मान्य. मशीन काढायची घाईही कळली नाही. पण मागितलं नसताना प्रत्येक मतदाराला मतपत्रिका पाठवणं मला पटलेलं नाही. घर सोडून गेलेल्यांची पाकिटं कुणाच्या हातात पडतात?

रारितनकाठ

पडली तरी सही कुठून आणणार? माझी भीती उलटी आहे. सासूबाईंची नोंदणीच्या वेळची सही ठसठशीत होती, आता हात थरथरतो. खऱ्या माणसाचं मत खोटं ठरेल म्हणून त्या दोन दिवस वहीत सही गिरवतायत.

सडेतोड

माझ्या वडिलांचंही तेच झालंय. जुन्या कुठल्या कागदावरची सही समोर ठेवा आणि सकाळी करायला सांगा, तेव्हा हात स्थिर असतो. पाकीट काउंटीने (जिल्हा प्रशासनाने) मतपत्रिकांसाठी ठेवलेल्या पेटीत नेऊन टाका, पोस्टात नको.

रारितनकाठ

पेटीतच टाकणार आहे. पण ते घरी आणून देणार पोस्टच.