अँटन चेर्माक: क्लाड्नो ते शिकागो

अमेरिकेत गेलेले चेक लोक शेतीत रमले, राजकारणात कुणी दिसत नाही, असं काही जण म्हणतात. मला ते पटलं नाही, म्हणून थोडी भर घालतो.

पुढे शिकागोचा महापौर झालेल्या अँटन चेर्माकचा जन्म १८७३ सालचा, बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) क्लाड्नोचा. गाव कोळशाच्या खाणींचं. वर्षभराचं पोर घेऊन आईवडील अमेरिकेला गेले आणि इलिनॉयमधल्या ब्रेडवुडला राहिले. तिथेही नशिबात खाणच! बाप खाणीत, आणि मिसरूड फुटायच्या आत मुलगाही खाणीत. पुढे शिकागोत त्याने सरपण विकलं.

१९३१ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत विरोधक आणि तेव्हाचा महापौर थॉम्पसनने त्याच्या आडनावावरून आणि हातगाडीवरून त्याला हिणवलं. त्यावरचं त्याचं उत्तर मला फार आवडतं: मेफ्लॉवर जहाजातून (ज्यातून सुरुवातीचे इंग्रज वसाहतवाले अमेरिकेत आले) आलो नाही हे खरं, पण जमलं तितक्या लवकर आलो. लोकांनी त्यालाच निवडून दिलं.

१५ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री मायामीतल्या बागेत नुकतेच अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आलेले रूझवेल्ट उघड्या मोटारीत बसून बोलले. भाषण नुकतंच संपलं होतं, चेर्माक मोटारीजवळ उभा होता. झांगारा नावाच्या मारेकऱ्याने रूझवेल्टवर झाडलेली गोळी चेर्माकला लागली. ६ मार्चला तो गेला. शिकागोतल्या बाविसाव्या रस्त्याला त्याचं नाव दिलंय.

घराण्याचं राजकारण मात्र तिथे थांबलं नाही. त्याची मुलगी हेलेना हिचा नवरा ऑटो कर्नर, तोही चेक वंशाचा. १९६१ मध्ये तो इलिनॉयचा गव्हर्नर झाला, आणि १९६७ च्या वांशिक दंगलींच्या चौकशी आयोगाचा अध्यक्षही तोच.