रत्नागिरीत लहान मुलांना काय दाखवावं?
चार वर्षांच्या मुलाला रत्नागिरीत काय दाखवू, असं विचारलंय आणि जो तो थिबा पॅलेस सुचवतोय. वाडा देखणाच, ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी १९१० साली बांधलेला, पण एवढ्याशा पोराला त्याचं काय? त्यापेक्षा झाडगावचं मत्स्यालय गाठा. काचेला नाक लावून पोरं जागची हलत नाहीत. देवमाशाच्या सांगाड्यापाशी तर "ह्याचं पोट कुठंय?" सुरू होतं, उत्तर तयार ठेवा! मूल घाबरट असेल तर बरण्यांत जतन केलेले मेलेले मासे भरभर उरका. गणपतीपुळ्याचं 'प्राचीन कोकण' हे जुनं कोकण दाखवणारं संग्रहालयही चांगलं, बलुतेदारांचे माणसाएवढे पुतळे पोरांना आवडतात. फक्त ते उघड्यावर, चढणीवर आहे. भर उन्हात नको, आणि बाबागाडी गाडीतच राहू द्या.