‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’चा दुसरा सीझन: खरी अडचण संथपणाची नाहीच

रानवारा:
(स्पॉयलर भरपूर आहेत. ज्यांचा पाहायचा राहिलाय त्यांनी इथेच थांबावं.)

राजगादीवरून टार्गेरियन घराण्यात पेटलेल्या युद्धाची ही मालिका. एका बाजूला गादीवर हक्क सांगणारी रेनीरा, दुसऱ्या बाजूला तिची सावत्र आई ॲलिसेंट आणि तिचा राजा झालेला मुलगा एगॉन. 2024 चा हा सीझन आला तेव्हा सगळीकडे एकच ओरड होती, काही घडतच नाही. नुकताच तो पुन्हा पाहिला. माझी तक्रार वेगळी आहे. रेनीरा आणि ॲलिसेंट यांच्या हाताला रक्त लागू द्यायला लेखक कचरतात.

पहिला भाग बघा. रेनीराच्या तोंडी अख्ख्या भागात एकच वाक्य आहे, मला एमंड हवा. एमंड म्हणजे ॲलिसेंटचा धाकटा मुलगा, ज्याच्यामुळे रेनीराचा मुलगा मेला. मुलगा गेलेली आई, आणि एमा डार्सीने ते दुःख केवळ चेहऱ्यावर पेललंय. मग राजवाड्यात मारेकरी शिरतात, एमंडऐवजी ॲलिसेंटच्या लेकीचं, हेलेनाचं लहान पोर मारलं जातं. इथून रेनीरा बदलायला हवी होती. पण दोष तिच्या नवऱ्यावर, डेमनवर जातो, आणि तिसऱ्या भागात ती वेष बदलून ॲलिसेंटकडे समेटाची बोलणी करायला जाते. आठव्या भागात ॲलिसेंट तिच्याकडे येते, राजधानी देऊ करते, वर स्वतःच्या मुलाचं, एगॉनचं शीर द्यायलाही कबूल होते! हे मला अजिबात पटलं नाही.

चौथा भाग मात्र असा आहे की त्यासाठी बाकी सगळं माफ करावंसं वाटतं. रूक्स रेस्टची लढाई. काहीच करू नकोस, असं आईने तोंडावर सुनावलेला एगॉन दारूच्या नशेत आपल्या ड्रॅगनवर, सनफायरवर बसून निघतो. एमंड आपल्या व्हेगार या ड्रॅगनसह रानात दबा धरून बसलेला. भाऊ समोर आहे हे दिसत असूनही तो आग ओकायला सांगतो. आणि रेनीराच्या बाजूने लढणारी रेनिस! तिला निसटता आलं असतं, तरी ती आपल्या ड्रॅगनला, मेलीसला परत फिरवते. तिथे रेनिस झालेल्या ईव्ह बेस्टचा चेहरा पाहा. ड्रॅगन म्हणजे विजय नाही, सर्वनाश आहे, हे एका शब्दाशिवाय कळतं.

हरणटोळ:
रूक्स रेस्टबद्दल शंभर टक्के सहमत. ॲलिसेंटबद्दल बिलकूल नाही. ती एकदम बदलत नाही हो. पाचव्या भागात राज्य चालवायला तिला डावलून एमंडला निवडतात. सहाव्यात तोच तिला मंत्रिमंडळातून काढतो, त्याच भागात भुकेलेली गर्दी तिच्यावर आणि हेलेनावर चालून येते. शेवटी एमंड शार्प पॉइंट हे गाव जाळून येतो आणि हेलेनाला ड्रॅगनवर बसून युद्धाला चल म्हणून ओढतो. आपण उभं केलेलं घर आपल्याच लेकीला गिळतंय हे दिसल्यावर ती दुसरं काय करणार? ॲलिसेंट झालेल्या ऑलिव्हिया कुकचं काम या सीझनमध्ये सगळ्यांत उजवं आहे.

माजघर:
मला राग आहे तो शेवटाचा. उत्तरेची फौज निघाली, एगॉनच्या बाजूचं लॅनिस्टर घराणं निघालं, जहाजं निघाली आणि सीझन संपला. वरात सजवून दारातच थांबवल्यासारखं. पहिल्या सीझनला दहा भाग होते, इथे आठच. त्यातही डेमन हॅरनहॉलच्या किल्ल्यात स्वप्नं बघत बसलाय.

हरणटोळ:
ती स्वप्नं नसती तर डेमन रेनीरासमोर गुडघे टेकताना खोटा वाटला असता. कापलेलं डोकं शिवत बसलेली तरुण रेनीरा त्याला दिसते, तो त्याच्या अपराधाचा पहिला हिशेब आहे.

माजघर:
एक-दोन भागांत चाललं असतं. पाच भाग तेच?

जुनी_पोथी:
रानवारा यांच्या मुद्द्याचं मूळ पुस्तकात आहे, म्हणजे जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘फायर अँड ब्लड’मध्ये. तिथे हेलेनाला दोन मुलगे आहेत आणि कोणता मरणार ते तिने निवडायचं असतं. ती धाकट्या मेलरचं नाव घेते, मारेकरी थोरल्याला मारतात. मालिकेत मेलरच नाही, त्यामुळे तिच्यावरचा तो भयंकर भार गेला. 2024 च्या सप्टेंबरमध्ये स्वतः मार्टिन यांनी या बदलावर जाहीर नाराजी लिहिली होती, नंतर ते लिखाण काढलं गेलं.

हरणटोळ:
पण ते पुस्तक परस्परविरोधी साक्षीदारांच्या तोंडून सांगितलेला इतिहास आहे. विदूषक मशरूम एक सांगतो, धर्मगुरू युस्टेस दुसरंच. बंद दाराआड या बायका काय बोलल्या ते कुणाला ठाऊक? मालिकेने ती जागा भरली तर बिघडलं कुठे? आणि रेनीराच्या हाताला रक्त नाही म्हणता, मग सातव्या भागात नवा स्वार मिळावा म्हणून व्हर्मिथॉर या ड्रॅगनपुढे गरीब माणसं कुणी आणून उभी केली?

रानवारा:
हो, तो प्रसंग जबरदस्त आहे. माणसं जळताहेत आणि ती बघत उभी आहे. चौथ्यानंतर मला सातवाच आवडतो, तो याच कारणाने. मला अशीच रेनीरा हवी होती. पण आठव्या भागात त्या मेलेल्यांचं ओझं तिच्यावर कुठे दिसतं? ॲलिसेंट समोर येते तेव्हा ती पुन्हा फक्त अन्याय झालेली राणी असते. मुलाच्या बदल्यात मुलगा मागते, पण काल ज्यांना जाळलं त्यांच्याही आया असतील, हा विचार तिला शिवत नाही. लेखकांनी तो तिथे आणला असता तर ती भेट मी मान्य केली असती.