स्थिर दर घेताना एक हिशेब

विजेचे भाव चढतायत म्हणजे डोळे झाकून स्थिर दर, म्हणजे करारभर युनिटचा भाव न बदलणारा दर, घ्यावा, हे मला पटत नाही. वीज कंपनीलाही भाववाढ दिसत असते. तिचा अंदाज आणि वर जोखमीची किंमत, दोन्ही त्या स्थिर दरात आधीच धरलेली असतात.

समजा, स्थिर दर आजच्या बदलत्या दरापेक्षा १२ टक्के जास्त आहे आणि करार वर्षाचा आहे. भाव हळूहळू, सारख्या गतीने वाढले तर वर्षाची सरासरी वाढ शेवटच्या वाढीच्या निम्मीच भरते. म्हणजे वर्षअखेर दर साधारण २४ टक्के चढला तरच तुम्ही बरोबरीत येता. भाव पहिल्याच महिन्यात उसळले, किंवा तुमचा जास्त वापर नेमका महागाच्या महिन्यांत असला, तर मात्र गणित फिरतं.

तरीही ज्यांचं महिन्याचं बजेट काठोकाठ आहे त्यांनी स्थिर दरच घ्यावा, थोडा महाग पडला तरी. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच्या हिमवादळात विजेचा घाऊक भाव युनिटला ९ डॉलरपर्यंत गेला होता, आणि घाऊक बाजाराशी थेट जोडलेला दर घेतलेल्या घरांना हजारो डॉलरची बिलं आली. असा धक्का सगळ्यांना झेपत नाही.

आणि स्थिर असतो तो युनिटचा दर, बिल नव्हे! सही करण्याआधी मासिक स्थिर आकार, मध्येच करार सोडल्यास लागणारा दंड आणि मुदत संपल्यावर आपोआप लागू होणारा दर, हे तिन्ही लेखी मागून घ्या.