मदत हवी आहे: पाण्याचं स्मार्ट मशीन दुसऱ्या कंपनीचा फिल्टर घेतच नाही, काय करू?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजाराजवळ राहते. घरून जेवणाचे डबे देते, सणासुदीला मोदक-पुरणपोळीच्या ऑर्डरी घेते. आधी सगळी कथा सांगते. घाईत असाल तर थेट शेवटच्या परिच्छेदावर जा, राग नाही.

आमच्या सोसायटीत कॉर्पोरेशनचं पाणी आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत येतं. उन्हाळ्यात तर निव्वळ बोअरच. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 780 च्या आसपास, वरणाला फेस आणि चहाला चव नाही. म्हणून गेल्या श्रावणात 19,500 रुपयांचं स्मार्ट आरओ मशीन घेतलं. मोबाईलवर पाण्याची शुद्धता दिसते, फिल्टर कधी बदलायचा ते मशीनच सांगतं, पहिल्या वर्षाचा फिल्टर सेट सोबत फुकट. सासूबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "फुकट म्हणतो तो सगळ्यात महाग पडतो." त्यांनी पाणियाऱ्यावरचं माटलं काही हलवू दिलं नाही. आता वाटतं, बरं झालं.

वैशाखात लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही सगळेच 50 दिवस पुण्याला होतो. निघताना नळ बंद, मेन स्विच बंद. म्हणजे या मशीनमधून थेंबभर पाणी गेलं नाही. तरी परत आल्यावर ॲप उघडलं तर फिल्टरचे दिवस कमी झालेलेच! लिटर नाही हो, दिवस मोजतं ते. कॅलेंडर भिंतीवर लावायच्या ऐवजी मी ओट्यावर लावलं होतं, एवढंच.

आणि गणपतीच्या आदल्या संध्याकाळी मशीनने पाणी देणं बंद केलं. 151 उकडीच्या मोदकांची ऑर्डर घेतलेली, तांदळाची पिठी काढून ठेवलेली, आणि मशीनवर लाल दिवा. मीटर घालून पाहिलं तर टाकीत उरलेल्या पाण्याचा टीडीएस 52, म्हणजे अगदी नेहमीसारखा. कस्टमर केअरची मुलगी गोड बोलत होती, "मॅडम, हे तुमच्याच सेफ्टीसाठी आहे." नवा सेट 6,400 रुपये, यायला चार-पाच दिवस. त्या रात्री वीस-वीस लिटरचे चार जार मागवून मी उकड काढली. बाप्पाला कळलं नसेल, माझ्या पाठीला कळलं.

दुसऱ्या दिवशी रावपुऱ्यातल्या ओळखीच्या मिकॅनिकला बोलावलं. त्याच्याकडे त्याच मापाचा सेट 1,900 ला. बसला अगदी फिट्ट, पण मशीन म्हणतं, "अनधिकृत फिल्टर". मग त्याला दिसलं की जुन्या फिल्टरच्या बुडाशी एक प्लॅस्टिकची रिंग आहे, तिच्यात बारीकशी चिप. त्याने ती काढून नव्याला चिकटवली. आता मशीन म्हणतं, "फिल्टरची मुदत संपली". तो हात झटकून म्हणाला, "बेन, हे पाण्याचं नाही, पैशाचं मशीन आहे." त्याने माझ्याकडून येण्याजाण्याचे पैसेही घेतले नाहीत, हे मुद्दाम सांगते.

तर विचारायचं असं, की चिपला बगल देऊन मशीन चालवता येतं का, आणि ते पाणी प्यायला चालेल का? कंपनीचाच फिल्टर लागेल ही अट विकताना कुणी सांगितली नव्हती, बिलावरही नाही, डब्यावरही नाही. त्याची तक्रार करता येईल का? आणि नवीनच घ्यायचं झालं तर काय पाहून घेऊ, म्हणजे पुन्हा फसणार नाही? सासूबाईंचं उत्तर माहीत आहे, ते सोडून सांगा.

नळजोडणी:
ताई, 780 वरून 52 म्हणजे 93 टक्के क्षार अडतायत. मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा आतला पडदा, ठणठणीत आहे. हे प्रमाण घसरत घसरत 80 च्या खाली गेलं असतं तर मी म्हटलं असतं बदला. सरकारी मानकात पिण्याच्या पाण्याला टीडीएस 500 पर्यंत चांगला धरतात, तुमचं त्याच्या वर आहे, तेव्हा आरओ घेतलात ते चुकलं नाही.

पण एका बाबतीत कंपनीच्या बाजूने बोलतो, रागावू नका. टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो. जंतू सांगत नाही, कार्बनचा फिल्टर दमलाय का तेही सांगत नाही. कार्बनचं काम क्लोरीन आणि वास शोषणं. तो संपला की क्लोरीन पुढे जाऊन मेंब्रेनच खातो. आणि 50 दिवस पाणी न वाहणं हे फिल्टरला विश्रांती देणं नव्हे. साचलेल्या पाण्यात, विशेषतः कार्बनमध्ये आणि टाकीत, जंतू वाढतात. पुण्याहून आल्यावर टाकी रिकामी केली होती का?

म्हणजे दिवस मोजणं अगदीच खुळचट नाही. खुळचट आहे ते दिवा लावून थांबायच्या ऐवजी नळच बंद करणं, आणि 1,900 चा फिल्टर नाकारणं.

बगल देण्याबद्दल: चिप वाचणारा बोर्डच पंप, पाण्याचा व्हॉल्व आणि जंतू मारणारा यूव्ही दिवा चालवतो. कुणी नुसती पंपाला वायर जोडून दिली तर पाणी येईल, पण यूव्ही बंद पडला तर कळणार नाही आणि नळाला पाणी नसताना पंप कोरडा फिरेल. तसं मुळीच करू नका. करायचंच तर बोर्ड काढून साधा 24 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर, नळाला पाणी नसताना पंप थांबवणारा लो प्रेशर स्विच, व्हॉल्व, टाकी भरली की पाणी थांबवणारा फ्लोट, आणि यूव्हीला त्याचा स्वतंत्र चोक असं सगळं नवं बसवायचं. चांगला मिकॅनिक दोन तासांत करतो. वॉरंटी अर्थात गेली.

अर्धाकपचहा:
तुमच्यासारखे दुःखी जगभर आहेत. अमेरिकेत केयुरिग नावाची, कॉफीची पूड भरलेल्या छोट्या बंद कपांवर चालणारी मशीनं घरोघर आहेत. 2012 मध्ये त्यांच्या कपाचं पेटंट संपलं आणि इतर कंपन्या स्वस्त कप विकायला लागल्या. तर 2014 मध्ये त्यांनी नवं मशीन काढलं, ते कपाच्या झाकणावरची शाई ओळखायचं. आपली शाई नसेल तर कॉफी नाही. लोकांनी काय करावं? जुन्या अस्सल कपाच्या झाकणाचा तुकडा कापून दुसऱ्या कपावर ठेवला, झाली कॉफी! ओरडा इतका झाला की 2015 मध्ये कंपनीच्या प्रमुखाने चूक कबूल केली आणि स्वतःची कॉफी भरायची जाळी परत आणली. तुमचा रावपुऱ्याचा माणूस त्याच परंपरेतला, फक्त तुमच्या कंपनीने केयुरिगचा धडा गिरवून घेतलाय. चिप एकदा वापरली की मेली.

ज्युसेरोची गोष्ट तर अजून भारी. 2016 मध्ये 699 डॉलरचं रस काढायचं मशीन, वायफायसकट. कापलेल्या फळं-भाज्यांच्या पाकिटावरचा कोड वाचायचं, मुदत संपलेलं पाकीट पिळायचं नाही. 2017 च्या एप्रिलमध्ये पत्रकारांनी तीच पाकिटं हाताने पिळून दाखवली, जवळपास तेवढाच रस निघाला. सप्टेंबरमध्ये दुकान बंद.

कोर्टाची_पायरी:
आधी महत्त्वाचं: मशीनचा बोर्ड काढू नका. निदान तक्रार होईपर्यंत. तो पुरावा आहे. लाल दिव्याचा, "अनधिकृत फिल्टर" आणि "मुदत संपली" या दोन्ही संदेशांचा व्हिडिओ काढा. बिल, जाहिरातीचं पान, डब्याचे चारही बाजूंचे फोटो ठेवा. कस्टमर केअरशी फोनवर नको, ईमेलवर बोला आणि विचारा, "ही अट विक्रीपूर्वी कुठे सांगितली होती?" उत्तर आलं तरी कामाचं, नाही आलं तरी कामाचं.

मग 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. पुष्कळदा कंपन्या तिथेच नमतात. नाही नमली तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जायला नको. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं.

एका वस्तूसाठी दुसरी घ्यायलाच लावणं हा या कायद्यात प्रतिबंधात्मक व्यापाराचा प्रकार आहे. पण मी तुमच्या जागी असते तर त्यावर फार भिस्त ठेवली नसती. "मशीन घेताना" आणि "मशीन घेतल्यानंतर" यावर ते घोळ घालतील. ही अट लपवून विकलं, या मुद्द्यावर जोर द्या.

आणि आता खरी अडचण. तुम्ही इथे डब्यांचं लिहिलंत. व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ग्राहक नसतो. घाबरू नका, त्यालाच पुढे अपवाद आहे: स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठीच वापरली असेल तर ग्राहकच. घरचं पिणं, शिवाय स्वतःच्या हातचे डबे, असं सरळ लिहा. लपवाछपवी करू नका, समोरचा वकील हा धागाही वाचू शकतो.

धागाकर्ती:
बाई गं, मी तर मोदकांची संख्या पण लिहिली! असू दे, खरं तेच आहे.

नळजोडणीदादा, आल्यावर टाकी काढून धुतली होती, पहिल्या दोन बादल्या झाडांना घातल्या. कार्बनचं मात्र डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे फिल्टर बदलायला हवा होता हे मान्य. माझं भांडण बदलण्याशी नाहीच, कुणाचा बदलायचा याच्याशी आहे.

ईमेल पाठवला. सोळा तासांत उत्तर आलं: "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार." अट कुठे सांगितली, त्यावर अक्षर नाही. 1915 ला फोन करून तक्रार नंबर घेतलाय. मशीनवर ओढणी टाकून ठेवली आहे, डबे जारच्या पाण्यावर चालू आहेत, दिवसाला 120 रुपये जातात. सासूबाई रोज माटलं घासताना अंमळ जास्तच आवाज करतात.

तिसऱ्या प्रश्नाचं राहिलं. काय पाहून घेऊ?

नळजोडणी:
दुकानात फक्त तीन गोष्टी विचारा. मेंब्रेन 1812 मापाचा आहे का. गाळ अडवणारी बाहेरची कॅन्डल साध्या 10 इंची बाऊलमध्ये बसते का. आणि "माझ्या मिकॅनिकने फिल्टर टाकला तर मशीन बंद पडेल का, हो की नाही ते बिलावर लिहून द्या." तिसऱ्यावर दुकानदार मालकाला फोन लावायला आत गेला तर तुम्ही बाहेर या.

धागाकर्ती:
रविवारी जाते. तक्रार मिटल्यावर या जुन्याची टाकी आणि पंप कुणाला हवा असेल तर सांगा. रिंग मात्र देणार नाही, आयोगासमोर दाखवायची आहे.