ऑगस्टा नॅशनल क्लबाचे सभासद नेमके कोणत्या नियमाने ठरत आले?

जिज्ञासू_वाचक

नमस्कार. दर वर्षी एप्रिलमध्ये मी मास्टर्स गोल्फ स्पर्धा दूरचित्रवाणीवर आवर्जून पाहतो आणि खेळाइतकेच कुतूहल मला त्या मैदानाच्या मालक क्लबाविषयी वाटते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या या ऑगस्टा नॅशनल क्लबात अर्ज करून प्रवेश मिळत नाही, सभासदांची यादी क्लब स्वतः प्रसिद्ध करत नाही आणि सभासद जेमतेम तीनशेच्या घरात आहेत, असे वाचले. १९९० पर्यंत तिथे एकही कृष्णवर्णीय सभासद नव्हता आणि २०१२ पर्यंत एकही स्त्री सभासद नव्हती. हे कोणत्या नियमाने घडत होते? तसा लेखी नियम असेल तर तो कायद्यापुढे टिकला कसा, आणि नसेल तर इतकी वर्षे तो इतक्या काटेकोरपणे पाळला कसा गेला? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुनी_पाने

लेखी नियम शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, आणि ही व्यवस्था इतकी वर्षे टिकली त्याचे मोठे कारण तेच आहे असे माझे मत आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कंट्री क्लब ही कल्पना अमेरिकेत रुजली ती १८८२ मध्ये बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइन येथे स्थापन झालेल्या ‘द कंट्री क्लब’पासून. आरंभी तिथे घोडेस्वारी आणि शर्यती हेच मुख्य आकर्षण होते. गोल्फ दहा-अकरा वर्षांनी आला. सभासद निवडीची रीत मात्र लंडनच्या जुन्या क्लबांकडून आलेली होती. तिथे सभासद एका पेटीच्या भोकातून हात आत घालत आणि पांढरी किंवा काळी गोटी टाकत. कोणी कोणती टाकली हे शेजारी उभ्या असलेल्यालाही दिसत नसे. थोड्याशा काळ्या गोट्या निघाल्या की उमेदवार बाद, आणि कारण सांगण्याचे बंधन कोणावरच नाही. बिनबोभाट नकार देण्याची ही पद्धत अमेरिकेतील क्लबांनी आपापल्या परीने उचलली.

ऑगस्टाने तर उमेदवारीच ठेवली नाही. बॉबी जोन्स हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला गोल्फपटू आणि क्लिफर्ड रॉबर्ट्स हा न्यूयॉर्कमधील गुंतवणूक व्यावसायिक, या दोघांनी १९३१ मध्ये बर्कमन्स कुटुंबाची जुनी रोपवाटिका, सुमारे ३६५ एकर जमीन, विकत घेतली. मैदानाची आखणी जोन्सने अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांच्यासह केली. प्रवेशद्वारापासून क्लबगृहापर्यंतच्या रस्त्याच्या दुतर्फा असलेली मॅग्नोलियाची झाडे त्या रोपवाटिकेचीच, आणि अठराही होलांना झाडाझुडपांची नावे आहेत.

आज ज्याचे दार इतके बंद वाटते, त्या क्लबाला सुरुवातीला सभासदच मिळत नव्हते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रॉबर्ट्सने १,८०० सभासदांचा बेत आखला होता. पण महामंदी ऐन भरात होती आणि १९३४ मध्ये पहिली स्पर्धा झाली तेव्हा शंभर सभासदही जमले नव्हते. तेव्हा दुर्मीळपणा हा या क्लबाचा जन्मजात गुण नव्हता. स्पर्धेचे नाव झाले, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासारखे सभासद लाभले, आणि मग हळूहळू असा संकेत पडला की ज्याने सभासदत्वाची इच्छा उघड बोलून दाखवली, त्याला आमंत्रण येत नाही.

कायदा_आणि_खेळ

कायद्यापुरते थोडक्यात लिहितो. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेल, उपाहारगृहे, नाट्यगृहे अशा सार्वजनिक ठिकाणी वंशावरून भेदभाव करण्यास बंदी घातली. परंतु जे खाजगी क्लब खरोखरच सर्वसामान्य लोकांसाठी खुले नाहीत, त्यांना त्याच कायद्याने या तरतुदीतून वगळले. म्हणजे दार जितके घट्ट लावलेले, तितके कायदेशीर संरक्षण भक्कम. त्यामुळे ‘टिकला कसा’ या प्रश्नाची वेळच सहसा येत नसे.

म्हणूनच माझ्या मते ही दारे पैशाने उघडली. १९९० च्या उन्हाळ्यात अलाबामातील शोल क्रीक क्लबाच्या संस्थापकाने, आम्ही कृष्णवर्णीयांना सभासद करून घेणार नाही, अशा अर्थाचे जाहीर विधान केले. पीजीए अजिंक्यपद ही व्यावसायिक गोल्फमधील मोठी स्पर्धा तिथेच व्हायची होती. मोठ्या कंपन्यांनी जाहिराती मागे घेतल्या, भेदभाव करणाऱ्या क्लबात स्पर्धा भरवणार नाही असे गोल्फ संघटनांनी घोषित केले, आणि त्याच वर्षी ऑगस्टाने रॉन टाउनसेंड या दूरचित्रवाणी क्षेत्रातील अधिकाऱ्याला सभासद करून घेतले.

पिशवी_खांद्यावर

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण त्यांत एक माणूस राहून गेला: कॅडी, म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी वाहणारा आणि त्याला सल्ला देणारा साहाय्यक. १९८२ पर्यंत मास्टर्समध्ये खेळणाऱ्या प्रत्येकाला क्लबाचाच कॅडी घ्यावा लागे, आणि ते सगळे कृष्णवर्णीय असत. पांढरा सदरा-विजार एकसंध शिवलेला पोशाख, हिरवी टोपी, छातीवर क्रमांक. गतविजेत्याच्या कॅडीला क्रमांक एक. कोणत्या हिरवळीवर चेंडू कोणीकडे वळेल, हे त्यांना सभासदांपेक्षा अधिक चांगले ठाऊक असे. कार्ल जॅक्सन १९६१ मध्ये चौदाव्या वर्षी मास्टर्समध्ये प्रथम कॅडी म्हणून उतरला. गोल्फपटू बेन क्रेनशॉने १९८४ आणि १९९५ ही दोन्ही विजेतेपदे त्याच्याच साथीने जिंकली; १९९५ मध्ये शेवटचा चेंडू पडल्यावर क्रेनशॉ जागीच वाकून रडू लागला, तेव्हा त्याला सावरायला पुढे आलेला माणूस जॅक्सन होता. या लोकांसाठी फाटक रोज उघडत होते. त्यांना सभासद कोणी म्हटले नाही, इतकेच.

खेळाडूंचेही तेच. कृष्णवर्णीय गोल्फपटू चार्ली सिफर्डने १९६७ आणि १९६९ मध्ये पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक मालिकेच्या स्पर्धा जिंकल्या, तरी त्याला मास्टर्सचे आमंत्रण कधीच आले नाही. १९७२ पासून टूरवरील विजेत्याला आपोआप प्रवेश देण्याचा नियम झाला आणि त्या नियमानेच ली एल्डर १९७५ मध्ये तिथे खेळणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. मूळ प्रश्नाच्या दृष्टीने हे लक्षात घेण्याजोगे आहे: नियम लिहिला गेला तेव्हा माणूस आत आला.

जुनी_पाने

‘पिशवी_खांद्यावर’ यांच्याशी पूर्ण सहमत आहे. ‘कायदा_आणि_खेळ’ यांच्या पैशाच्या मुद्द्याला मात्र २००२ चा प्रसंग छेद देतो. महिला संघटनांच्या नेत्या मार्था बर्क यांनी स्त्रियांना सभासदत्व देण्याची मागणी केली, तेव्हा अध्यक्ष हूटी जॉन्सन यांनी बंदुकीच्या संगिनीपुढे आम्ही झुकणार नाही, अशा भाषेत उत्तर दिले आणि प्रायोजकांवर दबाव येऊ नये म्हणून २००३ व २००४ च्या स्पर्धा जाहिरातींविना प्रक्षेपित केल्या. ज्याला ते उत्पन्न सोडणे परवडते, त्याला पैशाने कोंडीत पकडता येत नाही. माजी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलीझा राइस आणि उद्योजिका डार्ला मूर यांना सभासदत्वाची खूण असलेले हिरवे जाकीट मिळाले ते २०१२ मध्ये, दहा वर्षांनी, क्लबाने स्वतः निवडलेल्या वेळी.

जिज्ञासू_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. एप्रिल २०२१ मध्ये ली एल्डर यांना पहिल्या टीवर, म्हणजे खेळ जिथून सुरू होतो त्या जागी, मानाने बोलावले होते, तो प्रसंग मी पाहिला होता. नाकाला प्राणवायूची नळी, हातात ड्रायव्हर ही लांब फटक्याची काठी, आणि ते खुर्चीत बसून होते. प्रकृतीमुळे त्यांना फटका मारता आला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. तेव्हा मी ते दृश्य केवळ सत्कार म्हणून पाहिले होते. आता त्याचे चित्रण शोधून पुन्हा पाहणार आहे.