चर्चा: ख्रिस्त देहानं उठला, की फक्त शिष्यांच्या मनात?

बेथेलची_लेक (जालना)
थेट मुद्द्यावर येते. यंदा ईस्टरच्या उपासनेत आमच्या पाळकांनी सांगितलं की पुनरुत्थान, म्हणजे सुळावर मेलेला येशू कबरीतून पुन्हा उठला हे, आशेचं प्रतीक समजा. कबर खरंच रिकामी होती का, यावर अडून बसू नका. निम्मी मंडळी माना डोलवत होती. माझं म्हणणं उलट आहे. अडून बसायचंच असेल तर इथं. देह वगळल्यावर जे उरतं ते कुठल्याही व्याख्यानमालेत ऐकायला मिळतं, त्यासाठी ख्रिस्त कशाला पाहिजे?

ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला इ.स. ५५ च्या सुमारास लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. स्वतःलाच पळवाट ठेवली नाही बाबानं. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, उठलेला येशू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो. योहानाच्या शुभवर्तमानात शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला हातावरच्या खुणा दाखवतो, बोट लावून बघ म्हणतो. देह नवा, पण खिळ्यांचे वण तेच. जो छळ झाला तो पुसून टाकलेला नाही.

आता आपल्याकडचं. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल वसवलं. तिथं आलेली बरीच माणसं गावकुसाबाहेरची. आत्मा सगळ्यांचा सारखा, हे त्यांनी आधीही ऐकलं असणार. त्यानं काय फरक पडला? पाणी वरूनच ओंजळीत पडायचं, घागरीचा काठ बोटाला लागू नये अशा बेतानं. विटाळ आत्म्याचा नव्हता, कातडीचा होता. अशा माणसाला ‘तुझा आत्मा अमर आहे’ म्हणणं वेगळं आणि ‘तुझा हाच देह देव उठवणार’ म्हणणं वेगळं.

बोला. विरोधात बोललात तरी चालेल, फक्त टर उडवू नका.

चार्वाक_लातूरकर
टर नाही उडवत ताई, पण एखादी गोष्ट महत्त्वाची आहे म्हणून खरी ठरत नाही. सगळ्यात जुना लेखी उल्लेख पौलाचा, घटनेनंतर वीसेक वर्षांनी. त्यात रिकाम्या कबरीची हकीकतच नाही. कोणाकोणाला दिसला याची यादी आहे, आणि त्या यादीत पौल स्वतःलाही बसवतो, ज्याला दमास्कसच्या वाटेवर प्रकाश दिसला होता. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यात जुन्या पूर्ण हस्तलिखितांत तर बाया कबरीवरून घाबरून पळतात, कोणालाच काही सांगत नाहीत, आणि तिथंच पुस्तक संपतं. मासा, जखमा, बोट हे सगळं त्यानंतरच्या पुस्तकांत. गोष्ट जितकी पुढं सरकायली तितकं तिच्या अंगावर मांस चढायलंय. गेलेलं माणूस दिसणं यात नवल नाही. माझ्या आजीला आजोबा कित्येक महिने ओसरीवर दिसायचे. आम्ही त्यावर धर्म काढला नाही.

बेथेलची_लेक
आजी ‘दिसले’ म्हणाल्या, ‘सरणावरून उठून जेवायला बसले’ असं नाही म्हणाल्या. माझा मुद्दा तोच आहे. ‘त्याचा आत्मा देवाकडं गेला’ म्हणणं त्या काळी सोपं होतं, कोणी हसलं नसतं. अथेन्सचे लोक पौलाचं बाकी सगळं निमूट ऐकतात आणि मेलेले उठण्याचा विषय निघाला की थट्टा सुरू करतात, हे बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. यहुद्यांत सदूकी पुनरुत्थान मानतच नव्हते. परुशी मानायचे, पण शेवटच्या दिवशी, सगळ्यांचं एकदम. एकटाच माणूस मधेच उठेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वर पहिल्या साक्षीदार बाया. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्माचा टीकाकार सेल्सस यानं त्यावरूनच हिणवलं की पाहिलं कोणी, तर एका पिसाट बाईनं. रचायचंच होतं तर पट्टशिष्य पेत्राला आधी पाठवलं असतं.

पौलाच्या पत्रात क्रम असा आहे: मेला, पुरला गेला, उठवला गेला. पुरलं तेच उठलं. कबर रिकामी झाली हे निराळं सांगायची त्याला गरज पडली नाही.

चार्वाक_लातूरकर
गरज पडली नाही, की माहीतच नव्हतं? इथं आपलं जमायचं नाही.

बियाण्यातला_माणूस (जालना)
त्याच पत्रात पौल म्हणतो की पेरलेलं मेल्याशिवाय जिवंत होत नाही. अख्खी हयात बियाण्याच्या धंद्यात गेली म्हणून राहवत नाही. मेलेलं बी उगवत नसतं हो! पेरणीच्या आधी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवड्यानं उघडून मोड मोजा. ७० आले तर पेरा. राहिलेले दाबले की पिचकतात, बुरशी धरलेली असते, वास मारतात. ते मेलेले. पौल तंबू शिवायचा, तिफण धरली नव्हती त्यानं.

बेथेलची_लेक
भाऊ, तिफणीचं मान्य. पण पेरतो ते आणि उगवतं ते सारखं दिसत नाही, तरी असतं त्याच दाण्याचं, एवढंच त्याला सांगायचंय. तुमच्या ७० वरून ते पटायला हरकत नाही. उरलेल्या ३० चं देव बघेल.

पाळकाचा_नातू (छत्रपती संभाजीनगर)
मी ख्रिस्तीच आहे आणि मी तुमच्या पाळकांच्या बाजूचा. ताई, तुम्ही मासा धरून बसलात आणि बंद दार सोडून दिलंत. दारं लावलेली असताना तो आत येतो. अम्माऊसच्या वाटेवर सोबत चालतो तरी शिष्यांना ओळखू येत नाही. हा कसला देह? पौल स्वतःच ‘आध्यात्मिक शरीर’ म्हणतो. ‘मी येशूला ओळखत नाही’ असं तीनदा म्हणणारा पेत्र काही दिवसांनी चौकात उभा राहून बोलायला लागला, माझ्या मते पुनरुत्थान ते. कॉलेजातल्या पोरांना आठवडाभर विज्ञान शिकवायचं आणि रविवारी त्यांच्यापुढं रिकामी कबर ठेवायची, याचा त्रास तुम्हाला नाही, आम्हाला होतो.

बेथेलची_लेक
पेत्र कशामुळं बदलला ते पेत्रानंच सांगितलंय ना? तो ‘मला धीर आला’ म्हणत नाही, ‘देवानं त्याला उठवलं’ म्हणतो. पोरांचा त्रास मला कळतो. पण पोरं ‘प्रतीक’ ऐकून चर्चला थांबतात असं तुमच्याकडं तरी दिसायलंय का?

माळकरी_तेर
रामकृष्ण हरी. आमच्या तेरला गोरोबाकाकांची समाधी. चिखलात तुडवलं गेलेलं लेकरू आणि तोडून घेतलेले हात पांडुरंगानं परत दिले, ही कथा लहानपणापासून ऐकतो. तेव्हा देव देह परत देतो याचं आम्हाला नवल नाही. नवल याचं वाटतं की तुम्हाला हा देह कायमचा कशाला पाहिजे? माझे गुडघे गेले, दात गेले. जुनं वस्त्र टाकावं नि नवं घ्यावं, असं गीता सांगती ते बरं वाटतं.

बेथेलची_लेक
माउली, गोरोबाकाकांचं लेकरू आणि येशूनं मेल्यावर उठवलेला आमचा बेथानीचा लाजर एका पंगतीतले. परत आले, पण मरण त्यांना सुटलं नाही. येशू पुन्हा मरणार नाही असा आमचा दावा आहे, म्हणून तो जड जातो. आणि वस्त्राचं म्हणाल तर आमच्यात देह म्हणजे वस्त्र नाही, मीच तो. गुडघ्यांचं मात्र काहीतरी होईल अशी आशा आहे.

मोमीन_खुलताबाद
कयामतच्या दिवशी शरीर उठणार हे आम्हीही मानतो. बोटांची टोकंसुद्धा नीट जुळवू, असं कुरआनात आहे. ईसा अलैहिस्सलाम सुळावर मेले हे आम्ही मानत नाही, तो वाद इथं काढत नाही. पण ‘प्रतीक’ आमच्याकडंही चालणार नाही.

औसेकर_९३
जरा गंभीर विचारतो. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. भूकंपात किल्लारी-सास्तूर पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. माझे वडील मदतीला गेले होते. ते सांगतात, पडलेल्या माळवदाची लाकडं ओढून सरण रचलं, वरून पाऊस. एकेका सरणावर किती जण ते कोणी मोजलं नाही. राख कोणाची कोणती? ताई, तुमचा देव त्यातून कोणाला कसं उठवणार?

बेथेलची_लेक
हा प्रश्न ख्रिस्ती लोकांना फार आधी विचारला गेला, तोही कृतीनं. इ.स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात रोमनांनी हुतात्म्यांची प्रेतं जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटली, का, तर यांना पुनरुत्थानाची आशाच राहू नये. हे त्या मंडळीनंच पत्रात लिहून ठेवलं, आणि विश्वास सोडला नाही. ज्यानं नसलेलं घडवलं त्याला विखुरलेलं गोळा करणं अवघड नाही, असं त्या काळचे ख्रिस्ती लेखक सांगत. रोमन कॅथलिक चर्चनंही १९६३ पासून दहनाला मुभा दिली आहे. राख उधळू नका एवढं २०१६ साली बजावलं. तुमच्या वडिलांनी जे पाहिलं त्यावर हे उत्तर पुरतं असं मी म्हणणार नाही. पण त्या सरणाजवळ उभं राहून ‘आशेचं प्रतीक’ म्हणायची माझी छाती होणार नाही.

नागसेनवन
जय भीम. ताईंचा ओंजळीचा मुद्दा जिव्हारी लागला, म्हणूनच विरोध करतो. ओंजळीवर इलाज मेल्यानंतर नको होता, जिवंतपणी हवा होता. बाबासाहेब १९२७ ला महाडच्या तळ्यावर गेले, कबरीवर नाही. १९५६ नंतर आम्ही आत्माही सोडला आणि परलोकही, तरी मान ताठ आहे. बौद्ध ग्रंथात नागसेन भिक्खूला मिलिंद राजा विचारतो, पुन्हा जन्मतो तो तोच की दुसरा? उत्तर येतं, तोच नाही आणि दुसराही नाही. तुम्हाला ‘तोच’ एवढं घट्ट का धरायचंय? आणि देहाचा एवढा मान आहे तर तुमच्यात सोयरिकी जात बघून का होतात?

बेथेलची_लेक
सोयरिकींचं खरं आहे आणि लाजिरवाणं आहे. सरकारही आम्हाला सोडत नाही बरं का: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळं दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीत राहत नाही, जात मात्र गावात तशीच राहते. पण दादा, महाड आणि कबर यातलं एक निवडा असं कोण म्हणालं? जो देह देव टाकत नाही त्याला तळ्यावरून हाकलायचा हक्क कोणाला, हे मी त्याच विश्वासातून म्हणते. माझी आई मिशन दवाखान्यात नर्स होती. जळालेल्या बायांच्या पट्ट्या बदलताना मढं आणि माणूस यांत ती फरक करायची नाही, दोघांनाही तितकंच हळू हात लावायची. ‘तोच’ मी घट्ट धरते कारण ज्याचा छळ झाला त्यालाच न्याय मिळायला पाहिजे, त्याच्यासारख्या दुसऱ्याला नाही.

नागसेनवन
आईंना नमस्कार. बाकी पटलं नाही.

चार्वाक_लातूरकर
एक व्यवहाराचं विचारतो. मी देहदानाचा फॉर्म भरलाय. तुम्ही डोळे तरी देणार का, की शेवटच्या दिवशी लागतील म्हणून ठेवणार?

बेथेलची_लेक
नेत्रदानाचा कधीच भरलाय. देहदानाचं घरात चाललंय, भाऊ तयार नाही. त्याला कबर पाहिजे, ईस्टरला चुना लावायला.